फाटकाशी न थांबलेलं इंजिन

अमरावतीत एखाद्या जुन्या ट्रकच्या जळक्या डिझेलचा वास आला, की आजही मला ते फाटक आठवतं.

कापसाचे भाव पडलेली ती वर्षं. मला इंजिनं बघायचं वेड, म्हणून आमच्या छोट्या रेल्वेच्या फाटकाशी उभा होतो. फाटकवाल्याची जागा कधीच रद्द केलेली. गाडी अलीकडे थांबायची, गार्ड उतरून फाटक लावायचा, मग गाडी पुढे जायची. त्या दिवशी म्हातारं डिझेल इंजिन थांबेचना. रुळांवर परतवाड्याची जीप बंद पडलेली आणि आत माझी मावशी.

"मावशी, उतर वं!" मी ओरडलो. जीपचं दार उघडेना. ब्रेक किंचाळत होते, आणि मावशीच्या मागच्या काचेत इंजिन मोठं मोठं होत होतं.

हातभर अंतरावर ते थांबलं.

"काहून रडून राह्यला रे बाबू? थांबलं ना बिचारं!" मावशी म्हणाली. गाडीचे ड्रायव्हर युसूफचाचा खाली उतरले आणि त्यांनी इंजिनावर थाप मारली, "बुढ्ढी है, मगर इमानदार है!" सगळे हसले, मीसुद्धा. कुणीतरी नारळ आणला.

आज संताप येतो. ब्रेक दुरुस्त करा, फाटकावर माणूस नेमा, असं एकानंही म्हटलं नाही. नारळ फोडून आम्ही तेच इंजिन पुढच्या फाटकाकडे जाऊ दिलं.