आपापला घास

दिवाळीची सुट्टी संपताच सोमवारपासून मला जव्हारच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायला उभे राहायचे होते. काम तासिका तत्त्वावरचे होते. तरी पुढे संशोधन करायचे तर ही पायरी हुकवून चालणार नव्हते. अडचण एकच होती: माझी तीन वर्षांची मुलगी माझ्या हातूनच जेवत असे. आजीने भरवलेले ती थुंकून टाकी आणि स्वतःचा हात ताटाला लावत नसे. मी सकाळी आमच्या साखरशेत गावाहून निघाले, की संध्याकाळपर्यंत ती उपाशी राहणार, हे उघड होते.

नवल असे, की इतर कशातही तिला कुणाची गरज भासत नसे. खुराड्याची कडी ती स्वतः काढी, चपला उलट्या का होईना, पण स्वतः घाली. सुपात उडीद आणि वाल मिसळून दिले, तर दोन्हींचे वेगळे ढीग लावी. एखादा वाल उडदात राहिला आणि मी तो दाखवला, तर "तो झोपलाय तिथं," असे कारणही तिच्याकडे तयार असे. ताट समोर आले, की मात्र हीच मुलगी पिल्लासारखी आ वासून बसे.

मी पद्धतशीरपणे कामाला लागले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे तसेच ठेवायचे. आधी वाटी बदलली, नंतर जेवणाची वेळ, मग हातात छोटा चमचा दिला. त्या चमच्याने तिने अंगणात उत्तम खड्डा खणला. कौशल्य निर्विवाद होते, दिशा तेवढी चुकत होती.

सासूबाई भात पाखडता पाखडता माझे प्रयोग पाहत होत्या.

"चमचा कशाला गं तिला? आपल्यात कोण खातं चमच्यानं?"

"मग तुम्हीच सांगा, कसं शिकवू?"

"शिकवायचं काय त्यात? भूक लागली की हात जातो तोंडाकडं."

"आणि नाही गेला तर?"

"तर तुझी नोकरी गेली!" असे म्हणून त्या सूप बाजूला ठेवून मनमुराद हसल्या. मला मुळीच हसू आले नाही.

रविवारी घरात नव्या भाताचे जेवण होते. नवा तांदूळ आमच्याकडे थेट ताटात येत नाही. आधी प्रत्येकाने एक घास घरामागे पळसाच्या पानावर पूर्वजांसाठी ठेवायचा असतो, आणि एकाचा घास दुसऱ्याने ठेवलेला चालत नाही. गेल्या वर्षी मुलगी कडेवर होती, म्हणून तिची मूठ धरून तो मीच ठेवला होता. यंदाही मी तिचा हात धरायला वाकले, तर सासूबाईंनी मला मागे ओढले.

"सोड तिला. आता चालती-बोलती झाली ना?"

मुलगी मूठभर भात घेऊन गेली आणि पानावर ठेवून आली. लगेच दुसरी मूठ नेली. मग तिसरी.

"अगं बाई, एकच घास! पोटं फुटतील त्यांची!" सासूबाई ओरडल्या.

भाताने माखलेला हात तसाच धरून मुलगी थबकली. "त्यांना कोण भरवतं?"

"कोण भरवणार? मोठी माणसं ती. आपापलं खातात."

"त्यांची आई?"

"तीसुद्धा तिथंच बसलीय जेवायला."

मुलीने पानाकडे निरखून पाहिले. मग स्वतःचे ताट ओढत मागच्या पायरीवर नेले आणि पानाकडे तोंड करून बसली. "ते आधी संपवतील," असे घाईने म्हणाली, आणि तिचा हात तोंडाकडे गेला!

अर्धा भात मांडीवर सांडला, उरलेला पोटात गेला. लगेच दुसरा घास, मग तिसरा, मध्ये मान उंचावून पानावर नजर. मी आनंदाने ओरडणार तोच सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवून मला दटावले. मी पदराचा बोळा तोंडात धरून जागच्या जागी नाचले.

तरीही एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढता येत नाही. सोमवारी नवा भात नव्हता, पळसाचे पान नव्हते आणि मीही नव्हते. एसटीत घाट चढताना मी साऱ्या शक्यता तपासल्या. वर्गात फळ्यावर समीकरणे लिहीत असतानाही मनात तेच ताट होते. दुपारचा तास सुटताच मी प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून घरी फोन लावला.

"जेवली का ती?"

"जेवतेय," सासूबाई म्हणाल्या. "कोंबड्यांना आधी एक घास टाकला, आता त्यांच्याशी शर्यत लावून बसलीय. निम्मं अंगणात आहे, पण तोंड चालू आहे. घे, बोल तिच्याशी."

फोनवर आधी फक्त चावण्याचा आवाज आला. मी हाक मारली.

"आई, नंतर गं," भरल्या तोंडाने उत्तर आले, "कोंबडी पुढं जातेय!"

आणि फोन बंद झाला. तो तिनेच बंद केला असणार. लाल खूण कुठे दाबायची, हे तिला कुणी शिकवले, ते मात्र मला अजून कळलेले नाही.