चौथी चाल, जी सहा

मोरेमावशी गेल्याचा फोन मला कारखान्यात आला, जेवणाची सुट्टी संपता संपता. काकांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, आवाज नेहमीसारखाच शांत होता. "मीनल, तुझी मावशी गेली गं. जेवली, जरा पडते म्हणाली... उठलीच नाही." विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या ज्या पंपांच्या कारखान्यात मी काम करते, तिथून मुरलीपुऱ्यातलं त्यांचं घर स्कूटरवर दहा मिनिटांचं. मी पोहोचले तेव्हा ती कुशीवर झोपल्यासारखीच होती. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. मावशीबद्दल मराठीत लिही, असं काकाच म्हणाले. मराठी लिहायची मला सवय नाही, पण जी काही येते ती तिच्यामुळेच येते, म्हणून बसले आहे.

माझे बाबा विमा कंपनीत अधिकारी. अमरावतीहून त्यांची बदली जयपूरला झाली तेव्हा मी तीन वर्षांची होते. आम्ही दुर्गापुऱ्यात राहायचो. शाळेत हिंदी-इंग्रजी, गल्लीत हिंदी, आणि घरात आईने मराठीत विचारलं की माझं उत्तरही हिंदीतच. अकरा वर्षांची असताना मराठी मंडळाच्या गणपतीत बुद्धिबळाची स्पर्धा होती. शाळेत मी सगळ्यांना हरवायचे, त्यामुळे तोऱ्यात गेले. समोर काठपदराच्या साडीतली एक ठेंगणी बाई येऊन बसली आणि तिने मला सोळा चालींत मात दिली. मी म्हटलं, "आंटी, एक बार और." ती मोहरे मांडत म्हणाली, "मराठीत माग. मग देते."

ही शकुंतला मोरे. वाईजवळच्या खेड्यातली, दहावीपर्यंत शिकलेली. नवरा सैन्यात सुभेदार. इथल्या लष्करी वसाहतीत राहत असताना त्यांनी तिला बुद्धिबळ शिकवलं आणि सहा महिन्यांत तिच्याशी खेळणं सोडून दिलं, असं ते स्वतःच हसत सांगायचे. पुढे ती एका मुखपृष्ठ नसलेल्या इंग्रजी पुस्तकावरून शिकली. त्यातलं इंग्रजी तिला वाचता यायचं नाही; घरांची नावं सांगणारी अक्षरं, आकडे आणि पटाची चित्रं एवढ्यावर तिने ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, पाठ केल्या. निवृत्तीनंतर काकांनी मुरलीपुऱ्यात घर घेतलं, आणि बाबा मला दर रविवारी तिथे सोडू लागले. तिचा नियम एकच होता. चाल तोंडाने म्हणायची आणि ती मराठीत म्हणायची. "घोड़ा" म्हटलं की ती नुसती बघत राहायची. "घोडा" म्हटल्यावर पुढे खेळायची. आणि ही चाल का, हेही मराठीतच सांगायचं. मी अडखळायचे, मधेच "मतलब... मतलब..." करायचे. ती घड्याळ थांबवून वाट बघायची.

काळे मोहरे घेतले की ती सिसिलियनमधला ड्रॅगन खेळायची. हे धारदार ओपनिंग आहे. एक चाल चुकली की राजा उघडा पडतो. त्यात काळ्याला चौथ्या-पाचव्या चालीच्या आसपास ठरवावं लागतं, की आधी वजिरासमोरचं प्यादं एक घर पुढे सरकवायचं, म्हणजे डी सहा, की राजाच्या बाजूचं जी सहा. मावशी कायम चौथ्या चालीला जी सहा खेळायची. मला पटायचं नाही. मोहरे शेवटी त्याच घरांवर जाऊन बसणार, मग क्रमाने काय फरक पडतो? तिने एकदा समजावलं, "वजिराच्या प्याद्याला आधीच एक घर हलवलंस, तर पुढं एका झेपेत डी पाचला जायची त्याची संधी गेली की. ते घरी ठेव, झेप हातात राहते." मग तिने पांढऱ्याचं प्यादं सी चारवर ठेवलं. "आणि ही त्याची किंमत. हा असा गळा आवळतो. दोन्ही बघून ठरवायचं."

सोळाव्या वर्षी राज्य पातळीवरच्या मुलींच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत मी जिंकले असते तर राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली असती. समोरची मुलगी सी चार खेळून गळा आवळण्यात पटाईत होती. मी ऐन वेळी क्रम बदलला, आधी डी सहा खेळले. सी चार झालंच नाही. पण तिने वजिराच्या बाजूला कॅसलिंग करून आपला राजा सुरक्षित केला, माझ्या राजावर कडेचं प्यादं सोडलं आणि विसाव्या चालीच्या आत मी हरले. परतताना बसमध्ये मी सोबत आलेल्या मावशीला म्हटलं, तुझं ऐकायला हवं होतं. ती म्हणाली, "डी सहा वाईट चाल नाही गं. चांगली चांगली माणसं खेळतात. पण तू ती बघून नाही बदललीस, भिऊन बदललीस. पुढचा हल्ला तुला ठाऊकच नव्हता." ती रागावली नव्हती. पण मला ते इतकं लागलं की बारावीचा अभ्यास, मग इंजिनिअरिंग अशी कारणं सांगत मी रविवार टाळू लागले. नंतर नोकरी लागली, तीही तिच्या घराजवळ, तरी वर्षातून एक-दोनदाच जायचे. तिने कधी विचारलं नाही, का येत नाहीस.

तीन वर्षांपूर्वी काकांचा फोन आला, की तिला पक्षाघाताचा झटका आलाय. मी हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि बोलणं पूर्ण गेलं होतं. आपण काय म्हणतो ते तिला कळायचं, पण तिला पाणी हवं असलं तरी "पाणी" यायचं नाही. ओठ हलायचे, आवाज फुटायचा, शब्द नाही. मग ती डोळे मिटून घ्यायची. घरी आणल्यावर ती कोणासमोर तोंड उघडेनाशी झाली. बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची, तिच्याकडेही पाठ फिरवायची. काका स्वयंपाकघरात मला म्हणाले, "चाळीस वर्षं हिची बडबड ऐकली. आता घर खायला उठतं बघ."

एका रविवारी मी न विचारता पट मांडला. काळे मोहरे तिच्याकडे ठेवले आणि जुन्या नियमाप्रमाणे म्हटलं, "ई चार." ती पटावर वाकली. मग डाव्या हाताने प्यादं सरकवलं आणि तिच्या तोंडून आलं, "सी पाच." काका दारात उभे होते, तिथेच खाली बसले. मी घोडा काढला. "घोडा सी सहा." मी डी चार खेळले. "प्यादं खातं." मी घोड्याने घेतलं. "जी सहा." स्पष्ट, ठणठणीत, जशी मी लहानपणी ऐकलेली.

व्यायाम घेणाऱ्या मुलीला आम्ही आनंदाने सांगितलं. तिने समजावलं, की हे घोकलेलं आहे. आजारी माणूस आकडे किंवा आरती म्हणतो तसं. हे चांगलंच लक्षण आहे, पण याला बोलणं म्हणता येणार नाही. आणि ते खरंही होतं. त्या चार चालींपलीकडे मावशी पुन्हा मुकी व्हायची. दोन आठवडे आम्ही तेवढंच म्हणत होतो. मग मला वाटलं, हिला घोकलेल्या वाटेवरून बाजूला काढायला हवं. पुढच्या रविवारी मी दुसऱ्याच चालीला घोडा न काढता सी चार खेळले. आता तिचं पाठ केलेलं उत्तर चालणार नव्हतं. क्रम तिलाच ठरवावा लागणार होता. तिचा हात घोड्याकडे गेला, मागे आला. कपाळावर घाम आला. मला वाटलं, आपण क्रूरपणा करतोय, आणि मी प्यादं मागे घ्यायला हात पुढे केला. तिने माझं मनगट धरलं.

"थांब," ती म्हणाली.

झटक्यानंतरचा तिचा हा पहिला स्वतःचा शब्द. त्या दिवशी ती चाल खेळलीच नाही. पण मी निघताना "ये" म्हणाली.

पुढचं वर्षभर मी दर रविवारी गेले आणि दर वेळी क्रम बदलला. कधी घोडा आधी, कधी उंट, कधी भलतंच प्यादं. ती अडायची, चिडायची, आणि चिडली की शब्द यायचे. "का?" आलं. "नको तिथं" आलं. एकदा मी घाईत हत्ती गमावला तेव्हा पूर्ण वाक्य आलं, "डोळे घरी ठेवलेस का?" काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. बोलणं पूर्वीसारखं झालं नाही; शब्दांच्या मधे मोठे विसावे राहिले... पण ती भाजीवाल्याशी घासाघीस करू लागली आणि शेजारच्या कमलाजींना बुद्धिबळ शिकवू लागली. कमलाजी राजस्थानातल्याच, शेखावाटीच्या, वय साठ, पट कधी पाहिलेला नव्हता. त्यांनाही नियम तोच होता, चाल मराठीत म्हणायची. मीही पुन्हा स्पर्धा खेळू लागले. बऱ्याचदा हरते, पण आता का हरले ते मला सांगता येतं.

गेल्या रविवारी मुरलीपुऱ्याला गेले. काकांनी खिडकीजवळ पट मांडला होता आणि काळ्या मोहऱ्यांमागे कमलाजी बसल्या होत्या. ई चार, सी पाच, घोडा एफ तीन. आता त्यांचा घोडा येणार हे मला ठाऊक होतं. शेवटच्या काही महिन्यांत मी मावशीच्या त्याच घोड्याला उंटाने सतावायचे आणि बहुतेक वेळा जिंकायचे. माझा हात उंटापाशी तयारच होता. कमलाजींनी प्यादं उचललं. "जी सहा."

मी म्हटलं, "कमलाजी, घोडा पहले. जी सहा चौथी चाल है."

"ना मीनलजी. मावशीजी बोली थी, मीनल आए तो घोड़ा घर में ही रखना."

मी काकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "ती जायच्या आधी दोन महिने या दोघींचं हेच चाललं होतं. तुझ्या उंटावर औषध सापडलं म्हणायची. तुला सांगायचं नाही, अशी ताकीद होती."

चाळीस वर्षं पाळलेला क्रम तिने बदलला होता, त्या आजारानंतर, त्या वयात, आणि बघून बदलला होता. घोडा घरीच होता, त्यामुळे माझ्या उंटाला आता सतावायला समोर कोणी नव्हतं. काकांनी आणलेला चहा निवला तरी मी विचारच करत होते. शेवटी मी डी चार खेळले, आणि कमलाजींनी क्षणही न दवडता, अस्सल वाईच्या हेलात म्हटलं, "प्यादं खातं."