जांभळा गाऊन

साताऱ्यात लेकीसाठी कपडे बघताना नव्या सॅटिनचा वास आला आणि मला गोव्याला जाणाऱ्या जहाजातली आमची लहानशी खोली आठवली. मी पंधरा वर्षांची होते. कोरेगावहून सगळं घर सहलीला निघालं होतं. जहाजावर रात्रीच्या जेवणाला नटूनथटून जायचं असायचं. मला जीन्सवरच जायचं होतं, पण आईनं माझ्यासाठी सॅटिनचा जांभळा गाऊन शिवून आणला होता.

"एकदा घालून तर बघ गं. लय गोड दिसशील," ती विनवत राहिली. मी रडले, भांडले आणि शेवटी घातला. गळ्याशी टोचत होता, तरी आरशात मी पहिल्यांदाच मला आवडले.

जेवणाच्या हॉलच्या दारात पप्पा उभे होते. सैन्यातला त्यांचा आवाज सगळ्या टेबलांपर्यंत गेला. "अगं, म्हशीला झूल घालून आणलीस व्हय!"

काका हसले, आत्या हसली. मी आईकडं बघितलं. तीही हसत होती.

ती पप्पांना किती भ्यायची, हे आता कळतं. पप्पांवरचा माझा राग कधीच विझला. आईचं ते हसू मात्र मला अजून माफ करता आलेलं नाही.