दखीसन काय झिजस

अक्काची मोटार आणि माझा टेम्पो सोनगीरहून एकाच तासात निघाले. अक्का, माझी मोठी बहीण, नवरी होती. मला दुसऱ्या दिवशी सकाळी सुरतच्या एका डाइंग मिलमध्ये हजर व्हायचं होतं, म्हणून नरडाणा स्टेशनवर रेल्वे गाठायची होती. सगळं गाव अक्काभोवती रडत होतं. मायची मिठी तर सुटतच नव्हती. मी रेक्झिनची बॅग घेऊन कडेकडेने निघालो. नाना, म्हणजे माझे वडील, निंबाखाली एकटे उभे होते. मी पाया पडलो. ते एवढंच म्हणाले, "जाय. मांगे दखू नको."

निघालेल्याने मागे पाहिलं तर काम अडतं, असं आमच्याकडे मानतात. मी पाहिलं नाही. पण टेम्पोत बसल्यावर वाटत राहिलं, अक्कासाठी अख्खं गाव रडलं आणि मला दोन शब्दांत वाटेला लावलं.

गावी राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं सुरतेच्या उधन्याला येऊन राहिलेल्यांनाही हे सांगावंसं वाटतं, की तेच दोन शब्द मी पुढे सोयीने वापरले. मिलच्या लॅबमध्ये कापडाच्या रंगाची शेड जुळवण्याचं काम मिळालं. ज्या गुरुजींनी मला कॉलेजच्या वाटेला लावलं त्यांचे, आणि जिची शाळा सातवीत थांबली म्हणून माझी चालू राहिली त्या अक्काचे उपकार मी कधी विसरलो नाही. पण आठवण ठेवणं वेगळं आणि जाणं वेगळं. आधी दर दिवाळीला जायचो, मग वर्षाआड. मुलं घरात गुजराती बोलू लागली. नानांनी फोनवर कधी ये म्हटलं नाही, आणि त्यांनीच मागे पाहू नको म्हटलंय, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

गेल्या वर्षी नाना गेले. वर्षश्राद्धाच्या महिनाभर आधी मायचा फोन आला. भिंतीवरच्या फोटोत ते फौजदारासारखे ताठ बसलेत, तो माणूस आपल्या घरातला वाटत नाही, अशी तिची तक्रार होती. अक्काच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये नाना आहेत, असं तिच्या ध्यानात होतं. म्हणाली, "हालता-चालता नाना दखाड एक डाव."

तिला एकदा दाखवायचे ते हलते-चालते नाना दुसरीकडे कुठेच नव्हते. ती कॅसेट मी कधी पाहिलीच नव्हती. गावी जाऊन शोधली, तेव्हा धान्याच्या कोठीमागे, नानांच्या जुन्या उपरण्यात गुंडाळलेली सापडली. मी ती सुरतेला आणली आणि जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देणाऱ्या कनुभाईंकडे दिली. टेपच्या कडेला पांढरी बुरशी होती. ती त्यांनी दोन दिवस बसून साफ केली.

कॅसेट चालू झाली तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. हळदीच्या चित्रात मधूनमधून पांढरे फटकारे येत होते. कनुभाई त्यांना ड्रॉपआउट म्हणतात. टेपवरची चुंबकी भुकटी जिथून झडली, तिथे चित्र उरत नाही. भोक बारीक असेल तर मशीन वरच्या ओळीचा रंग उचलून ते बुजवतं. शेड जुळवणारा माणूस मी, मला ते फार आवडलं. हळद छान गेली, मंगलाष्टकं गेली. मग अक्काची पाठवणी आली. तिच्यामागे कडेला एक पोरगेलासा माणूस बॅग उचलताना दिसला. तो मी होतो. मी निंबाकडे वळलो आणि पडदा निळा झाला. आवाजही बंद. सात सेकंदांनी चित्र परत आलं, तेव्हा अक्काच्या मोटारीमागची धूळ दिसत होती.

अख्ख्या कॅसेटमध्ये नाना तेवढ्याच ठिकाणी होते. कन्यादानाला काका-काकू बसले होते आणि नाना सगळा वेळ मांडवामागे चुलाणापाशी राबत होते.

मी बुरशीला दोष दिला. कनुभाईंनी मान हलवली. "आ कोईए पॉज राखीने घसी नाखी छे." कुणीतरी पुन्हा पुन्हा इथेच चित्र थांबवून ठेवलंय. चित्र थांबलं तरी मशीनमधलं टेप वाचणारं हेड फिरतच असतं, आणि टेपची तीच जागा घासत राहतं.

आमच्या घरी व्हीसीआर कधीच नव्हता. मी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या रमणला फोन लावला. सोनगीरच्या तांबट आळीजवळ त्याचं दुकान होतं, आता तिथे तो मोबाईल विकतो. त्याला सगळं आठवत होतं. नाना बाजाराच्या दिवशी कॅसेट पिशवीत घालून यायचे. बरीच वर्षं, त्याचा व्हीसीआर बिघडेपर्यंत. लग्न पाहायचेच नाहीत. "आठेच थांबाड," इथेच थांबव, म्हणायचे आणि बसून राहायचे. रमण चिडवायचा, नाना, पोरगं काय टीव्हीतून बाहेर येऊन जेवायला बसणार का? टेप झिजेल म्हणून त्याने बजावलंही होतं. त्यावर नाना म्हणाले होते, "दखीसन काय झिजस?"

पाहून काय झिजतं?

मी मागे पाहिलं नव्हतं, म्हणून मी निघाल्यावरचा नानांचा चेहरा मला माहीत नव्हता. तो फक्त त्या सात सेकंदांत होता. मला पाहता पाहता नानांनी स्वतःलाच पुसून टाकलं होतं.

मी कनुभाईंना विचारलं, शेजारचा रंग घेऊन एवढं बुजवता येईल का? ते म्हणाले, बुजवायला शेजारी काहीतरी उरलेलं लागतं. मग त्यांनी माळ्यावरचं एक जुनं मशीन काढलं. नवं मशीन चित्र हरवलं की पडदा निळा करतं आणि आवाजही दाबतं. जुन्याला ते येत नाही. आवाज टेपच्या कडेला वेगळा असतो, तो वाचलाही असेल.

जुन्या मशीनवर सात सेकंद नुसते करडे ठिपके खळखळले. मागे बँड होता, बायकांचं रडणं होतं. नाना म्हणाले, "जाय. मांगे दखू नको." मग नुसता बँड. मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, दबकत, "रमण, पोऱ्या उना ना त्यामा?"

पोरगा आला ना त्यात?

"उना नाना, उना," रमण म्हणाला.

वर्षश्राद्धाचं जेवण उरकल्यावर मी मायला लॅपटॉपवर ते लावून दिलं. नाना दिसणार नाहीत हे आधीच सांगितलं होतं. ती ठिपक्यांकडेच पाहत होती. आवाज आला तशी म्हणाली, "आठे थांबाड." मी थांबवलं. पडद्यावर करडे ठिपके गोठले आणि आवाजही गेला. तिने माझ्याकडे पाहिलं. थांबवलं की ते बोलत नाहीत, मी म्हणालो. "मंग चालू दे," ती म्हणाली. किती वेळा लावलं, मोजलं नाही. आता ते झिजणार नाही.

सुरतेत कुणी विचारलं की मी घर उधन्याला असं सांगतो, आणि ते खोटं नाही. पण पोरगा आला ना, असं कुणी विचारायचं ती जागा सोनगीरलाच होती. उत्तर रमणने दिलं. खरं तर ते मी द्यायचं होतं.