सत्तावीस युरोंचे ढोल

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात आणि अक्षराकडे कानाडोळा करावा. चौथीनंतर माझ्या हातात पेन्सिलीऐवजी लाटणं आलं, आणि लाटण्याने अक्षर सुधारत नाही. ही वही कुणाला दाखवायची नाहीच, पण चोरून वाचणाऱ्याचीही आधीच माफी मागितलेली बरी.

मुलाकडे परदेशात, उइटहॉर्नला तीन महिने राहिले. तिथे रांगोळीला अंगण नाही, म्हणून मी वहीतच ठिपके देऊन रांगोळ्या काढायचे. शेजारच्या मारायकेबाईंनी ती वही पाहिली. त्या एका चित्रकार मंडळात जातात. मंडळ लायडनला ताइकोच्या (मोठे जपानी ढोल) कार्यक्रमाला निघालं होतं. वाजवणाऱ्यांची चित्रं समोर बसून काढायची. तिकीट सत्तावीस युरो.

"आई, ढोल तर तू गणपतीत फुकट ऐकतेस," प्रशांत म्हणाला. वर्षाला चार बुटांचे जोड 'स्वस्तात मिळाले' म्हणून घरी आणणारा माझा काटकसरी मुलगा. मी मान डोलावली. मान डोलावणं मला छान जमतं. मग मारायकेबाईंच्या भाषांतर करणाऱ्या फोनला सांगितलं, तिकीट काढा, भारतात परतण्याआधी पैसे फेडीन. कुठून, ते फोनने विचारलं नाही. विमानाला नऊ दिवस उरले होते.

निघताना बाईंनी बिस्किटांचा डबा पुढे केला. मी रीतीप्रमाणे नको म्हटलं. आपल्याकडे पहिला नकार ही नुसती सुरुवात असते. तिथे तो निकाल असतो. डबा कपाटात गेला आणि मी उपाशी लायडनला गेले. वाटेत कालवा, गाई, पुन्हा कालवा, पुन्हा गाई. देवाने हा देश पट्टी धरून आखलेला दिसतो.

सभागृहात लोक शोकसभेला आल्यासारखे बसले होते. मंडळींनी वह्यांना इवलेसे दिवे लावले आणि पेनांच्या पेट्या उघडल्या. माझ्याकडे नातवाची अर्धी पेन्सिल. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. पहिला ढोल वाजताच त्यांनी दोन्ही कानांतली यंत्रं काढून खिशात ठेवली आणि तळहात खुर्चीच्या दांडीवर टेकवला. तिकिटाचे पैसे यांनीही भरलेच असतील.

ढोल मात्र खरे. छातीतून आरपार जायचे. लाटण्याएवढ्या जाड काठ्या हाणणाऱ्या त्या मुलींचे हात, बघावं तिथे नसायचेच. माझ्या भोवतीचे चित्रकार काढत होते, खोडत होते, सुस्कारे सोडत होते. मीही दोन पानं वाया घालवली. मग रांगोळीसारखं केलं. डोकं, कोपर, गुडघा, काठीचं टोक, जिथे दिसेल तिथे नुसता ठिपका. हात हलला तर हलू दे, ठिपका कुठे जातोय? ढोल थांबले की ठिपके जोडायचे. तिसऱ्या पानावर एक मुलगी काठ्या उगारून उभी राहिली.

कार्यक्रम संपल्यावर म्हाताऱ्यांनी त्या पानावर बोट ठेवलं, पाकीट काढलं आणि तीस युरो माझ्यापुढे धरले. आणि मी, जिच्या डोक्यावर सत्तावीस युरोंचं ओझं होतं, मान हलवली, हातही हलवला. नको, नको. आता ते आग्रह करतील, मी लाजेन, मग घेईन. त्यांनी नमस्कार केला, पाकीट मिटलं आणि ते चालू लागले.

मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. वही घेऊन मी त्यांच्यामागे कोट ठेवायच्या जागेपर्यंत धावले. "येस," मी म्हटलं. ऐकू कसं जाणार, कान खिशात होते. रांगेतले सगळे बघायला लागले. जन्मात कुणासमोर आवाज चढवला नव्हता.

"येस! मनी!" मी ओरडले.

ते मोठ्याने हसले आणि त्यांनी तीन नोटा दिल्या. मी पान फाडून दिलं.

घरी परतल्यावर मारायकेबाईंनी पुन्हा डबा पुढे केला. मी लगेच दोन बिस्किटं घेतली. एवढा दूरचा प्रवास करून शिकले काय, तर हवं असेल तर हो म्हणायचं. मग टेबलावर तीस युरो ठेवले. आपल्याकडची बाई निदान तीनदा "राहू द्या हो" म्हणाली असती. ह्यांनी नोटा मोजल्या, तीन युरो परत दिले आणि पैसे पर्समध्ये टाकले. एकदाही नको म्हटलं नाही, म्हणून पैसे खरंच फिटले.