दार लाव गो, कुत्रो भुंकता

फोन माहेरून, पार्श्याहून होता आणि पलीकडे कुणी बोलत नव्हतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. घशाच्या ऑपरेशनमध्ये दादाची वाचा गेली तेव्हापासून त्याचा फोन यायचा तो असाच. मी बोलायचं आणि त्याने बोटातल्या अंगठीने फोनवर टकटक करायची. दोनदा म्हणजे बरं आहे, एकदा म्हणजे नाही, आणि लाडात आला की घुमटावरचा, आमच्याकडच्या त्या मातीच्या तालवाद्यावरचा, एखादा ठेका. त्या सकाळी डिचोलीजवळ सर्वणला माझ्या स्वयंपाकघरात मी नारळ खवत होते. फोन खांद्यात धरून मी आपली बोलत सुटले... आज पदेर आलाच नाही, पावाशिवाय चहा घेतला, तू पेज घेतलीस का, वहिनीचे गुडघे कसे आहेत. टकटक नाही. "अरे दादा, वाजव की काहीतरी," मी जरा रागावूनच म्हटलं. मग पलीकडून हुंदका आला आणि तो वहिनीचा होता. गेलेल्या भावाला मी पावाची गोष्ट सांगत बसले होते, हे आठवलं की अजूनही नारळ खवायला बसवत नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ सगुण. डिचोली तालुक्यातल्या एका खाणीच्या ऑफिसात तो कारकून होता. खाण बंद पडली, ऑफिसातलं सामान मोडीत निघालं, तेव्हा आपल्याच टेबलावरचा जुना विंडोजचा कॉम्प्युटर त्याने विकत घेतला आणि बसमध्ये मांडीवर ठेवून पार्श्याला आणला. लोकांना वाटलं, नोकरी गेली म्हणून माणसाचं डोकं फिरलं. त्याने मात्र त्यात आवाज रेकॉर्ड करायचं कार्ड बसवलं, पुढच्या खोलीच्या जनेलांना, खिडक्यांना, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून जुन्या गोधड्या लावल्या, एक माइक आणला आणि गावोगावच्या भजनी मंडळांचं, चवथीतल्या घुमट आरत्यांचं रेकॉर्डिंग सुरू केलं. कार्ड त्या जुन्या विंडोजवरच चालायचं, म्हणून नवीन कॉम्प्युटर घ्यायचं नावच नको. पेटी तो अशी वाजवायचा की गाणाऱ्याला वाटावं, आपण आज चांगलेच गातोय. पण स्वतः दादाने चारचौघांत कधी तोंड उघडलं नाही. तो गायचा ते त्या खोलीत, एकटा, दार लावून. आम्ही ऐकलं ते दाराबाहेरून, तुटक तुटक. "एकदा तरी ऐकव रे," म्हटलं की ठरलेलं उत्तर: "अजून नाय. सूर बसूक नाय गो अजून." मग ते गाणं त्या कॉम्प्युटरात ठेवून द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा गायचा. असं वर्षानुवर्षं.

मी हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवायचे. आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरांवर लिनक्स होतं, त्यामुळे मलाही त्याचीच सवय. रविवारी माझा लॅपटॉप घेऊन माहेरी जायचं, दोन्ही कॉम्प्युटरांमध्ये एक केबल जोडायची आणि मंडळांची रेकॉर्डिंगं माझ्याकडे ओढून त्यातली खरखर काढायची, हा आमचा वर्षानुवर्षांचा उद्योग. जोडणी कधी लागायची, कधी रुसायची. रुसली की दादाला चेव यायचा. "फुकटचा ता फुकटचाच," तो माझ्या लिनक्सला म्हणायचा, आणि मी त्याच्या विंडोजला खाणीतली माती म्हणायचे. वहिनी चहाचे कप घेऊन दारात उभी राहून म्हणायची, "दोघांय भावंडांचा भांडाण, आनी नाव त्या बापड्या मशनींचा." त्याच्या स्वतःच्या गाण्यांचा फोल्डर मात्र त्याने मला कधी उघडू दिला नाही. केबल असायची, वाट असायची, पण त्या एका फोल्डरला कुलूप.

मग घसा दुखायला लागला. पेटीवाल्याचा घसा दुखतो याचं आम्ही हसूच केलं... आणि नंतर हसायला काही उरलं नाही. ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं, दादा वाचला. गळ्यात एक भोक आणि हातात पाटी. रविवारचा उद्योग बंद पडला, कारण पेटी ऐकली की त्याला त्रास व्हायचा. पुढच्या वैशाखात पार्श्यात वीज पडली आणि खोलीतल्या कॉम्प्युटरचा आवाज गेला, पेन ड्राइव्ह लावायची भोकंही मेली. सीडीचा खण तर आधीपासूनच उघडत नव्हता. आतली डिस्क तेवढी चालू राहिली, तीही कण्हत. म्हापशाचा दुरुस्तीवाला येऊन बघून गेला. म्हणाला, ही डिस्क फिरते आहे तोवर फिरू द्या, थांबली तर पुन्हा उठेल याची खात्री नाही. दादाने वीज गेली तरी तो बंद पडू नये म्हणून बॅटरी जोडून घेतली, पाटीवर लिहिलं, "तो आनी मी, दोगांयची एकच गत," आणि हसला. त्याच्या हसण्याला आवाज नव्हता, खांदे तेवढे हलायचे.

गेल्या चवथीत दुखणं उलटलं. या वेळी कापायलाही काही राहिलेलं नाही, असं डॉक्टरांनी वहिनीला बाहेर बोलावून सांगितलं आणि दादाने ते तिच्या तोंडावर वाचलं. मी भेटायला गेले तेव्हा त्याने माझा हात धरून मला त्या खोलीत नेलं, खुर्ची, आमच्याकडची कदेल, ओढून बसवलं आणि पाटीवर लिहिलं: "माझो आवाज माका एकदा आयकूचो आसा." माझ्या भावाने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं असेल तर ते एवढंच. वाटलं, एवढंच ना? केबलचं कार्ड विजेतून वाचलं होतं, कारण त्या दिवशी केबल लावलेलीच नव्हती. जोडायचं, ओढायचं, माझ्या लॅपटॉपवर वाजवायचं. अर्ध्या तासाचं काम, असं मी त्याला सांगून बसले.

त्यानंतरचे रविवार मी वैऱ्यालाही देणार नाही. केबल जोडली की दोन्हीकडचे हिरवे दिवे लुकलुकायचे. मी लॅपटॉपवरून हाक मारली की पलीकडचा कॉम्प्युटर ओ द्यायचा. पण फोल्डर मागितला की पडद्यावर यायचं, होस्ट इज डाउन. म्हणजे समोरचा बंद आहे. अरे, बंद कसा? आताच तर ओ दिली, पंखा घरघरतोय, तो माझ्यासमोर बसलाय! केबल बदलली. दोघांचे पत्ते पुन्हा लिहिले. विंडोजची सगळी राखण, ते फायरवॉल वगैरे, उतरवून ठेवली. होस्ट इज डाउन. दादा बाजूच्या कदेलवर बसून माझ्या तोंडाकडे बघत असायचा आणि दर रविवारी ती कदेल त्याला मोठी होत चालली होती. शेवटी घरी बसून परदेशातल्या कुणाकुणाची गाऱ्हाणी वाचताना उलगडा झाला. असल्या दोन मशिनींना एकमेकांशी बोलायला एक ठरलेली भाषा लागते. जुन्या विंडोजला तिची अगदी पहिली आवृत्तीच येते. ती सुरक्षित नाही, म्हणून नव्या लिनक्सने ती आपणहून बोलायचं सोडून दिलंय, आणि मधल्या काळात मी माझा लॅपटॉप मोठ्या हौसेने नवा करून घेतला होता. दोघे समोरासमोर जागे, आणि नवा म्हणतोय की जुना मेलाय. त्याच्याशी पहिल्या आवृत्तीतच बोल, असं लॅपटॉपला द्यायच्या हुकमात स्पष्ट लिहावं लागतं. एवढ्याशा शब्दासाठी माझ्या भावाचे रविवार गेले. कुणावर ओरडू, तेच कळेना.

पुढचा रविवार खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आला. मी तो शब्द लिहिला आणि दार किलकिलं झालं, पण परवानगी नाही. दादाच्या खात्याला पासवर्डच नव्हता, आणि पासवर्ड नसलेल्याला तो विंडोज केबलवरून आत घेत नाही. "ठेव काहीतरी," मी म्हटलं. दादाने टाइप केला: सफेद चार. पेटीवरची त्याची पट्टी. फोल्डर उघडला तर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. तेही निस्तरलं आणि मग ती नावं दिसली... अजून नाय १, अजून नाय २, अजून नाय ३... खाली खाली जावं तितकी. मी पहिल्यावर बोट ठेवलं. डिस्क कण्हली, पडद्यावरची हिरवी पट्टी सरकू लागली, थोडी सरकली, आणि खरखर होऊन अडकली. आलं होतं तेवढं मी वाजवलं.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग खाकरणं. मग दादा, आमचा दादा, जुन्या भरल्या आवाजात: "अगो, दार लाव गो, कुत्रो भुंकता." मग पेटीचा भाता, एक सूर, आणि संपलं. तेवढ्यात खोलीचं दार धाडकन बंद झालं. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली होती आणि पूर्वी तो गायला बसला की ओढायची तसंच तिने बाहेरून दार ओढून घेतलं होतं. कितीतरी वेळ ती बाहेरच उभी राहिली. मग दार हळूच उघडून तिने आत बघितलं. दादाने तिच्याकडे बघून अंगठीने टेबलावर दोनदा वाजवलं. बरं आहे. त्याचे डोळे वाहत होते आणि तो पाटीवर लिहीत होता, "गाणा? गाणा खय?"

गाणं आत होतं. डिस्क इतकी तापली होती की कॅबिनेटला हात लावताच चटका बसला. मी म्हटलं, हिचा जीव दमलाय, थोडी थंड होऊ दे, परवा एकेक करून सगळी काढू. डिचोलीची बस गाठायची होती, घरी पूजेची तयारी राहिली होती. "पण बंद मात्र करू नको," असं मी दारातून दोनदा सांगितलं आणि त्याने मान हलवली.

आता खंडेनवमीचं सांगते. आमच्याकडे त्या दिवशी हत्यार राबत नाही. ज्याच्यावर पोट चालतं ते पुसायचं, झेंडूचं फूल वाहायचं आणि दुसऱ्या दिवशी पूजा हलवेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. दादाची पूजा मोठी असायची... पेटी, तबला, घुमट, माइक आणि तो कॉम्प्युटर. त्या दिवशी विश्रांती मिळालेली पेटी वर्षभर सुरात बोलते, यावर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास. तो यंत्राचा माणूस नव्हताच कधी, वाद्याचा होता. त्या सकाळी तो वहिनीच्या आधी उठला, धड उभं राहवत नव्हतं तरी स्वतः आंघोळ केली, सगळं ओल्या फडक्याने पुसलं, आणि दमलेल्या जिवाला विसावा म्हणून कॉम्प्युटर रीतसर बंद केला. त्यावर झेंडू ठेवला.

दसऱ्याला पूजा हलवली तेव्हा मी पोचले होते. दादाने माझ्याकडे बघून, नव्या नवरीला उठवावं तसं हळूच बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा. आतून नुसतं टक... टक... टक... "तुमी बंद केल्यात?" वहिनी किंचाळली. उभ्या संसारात तिने नवऱ्यावर आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. "तुमी? तुमच्या हातान?" दादा तिला काही बोलू शकत नव्हता आणि पाटीही हाताशी नव्हती. तो खाली बसला, कॅबिनेटला कान लावला, डोळे मिटून ते टकटक ऐकत राहिला, पेटीतला बिघाड ऐकावा तसं. मग त्याने अंगठीने एकदाच वाजवलं.

त्यानंतर मी काय नाही केलं! म्हापशाला डिस्क नेली, पणजीला नेली, बेळगावला पाठवली. प्रत्येकाने मान हलवून परत केली. ती परत यायची आणि दादा अंथरुणातून माझ्या तोंडाकडे बघायचा, मी काही सांगायच्या आधीच नजर वळवायचा. विजेला शिव्या दिल्या, नव्या-जुन्याचा हिशेब करणाऱ्या त्या दूरदेशीच्या शहाण्यांना दिल्या, देवाला दिल्या. दिवाळी गेली आणि पाठोपाठ दादा गेला. त्याला त्याचा आवाज एकदा ऐकायचा होता, आणि जो मिळाला त्यात तो दार लावायला सांगत होता. माझी समजूत घालायला लोक म्हणतात, तेवढा तरी मिळाला. मला ते पटत नाही. तहानलेल्याच्या ओठाला ओलं बोट लावून भांडं काढून घ्यावं, तसं झालं ते.

परवा पार्श्याला गेले होते. खोली तशीच आहे. कॉम्प्युटरवरचा झेंडू वाळून काळा पडलाय, पण वहिनी तो काढू देत नाही. दादाच्या आवाजाचा तो तुकडा मी तिच्या मोबाइलवर घालून दिलाय. दिवेलागण झाली की ती खोलीत येऊन बसते, दार मुद्दाम सताड उघडं ठेवते आणि मग तो तुकडा वाजवते. खुर्ची सरकते, दादा खाकरतो. "अगो, दार लाव गो, कुत्रो भुंकता." वहिनी गुडघ्यावर हात ठेवून उठते आणि दार लावते. इतकी वर्षं तिने ते बाहेरून लावलं, आता आतून लावते. माझ्या शेजारी येऊन बसते, पदर सावरते. भाता हलतो, सफेद चारचा सूर लागतो... आणि बंद दाराआड आम्ही दोघी गाणं सुरू व्हायची वाट बघत बसून राहतो.