दोन रस्त्यांचे साडू

परमेश्वराने माणसाला दोन डोळे, दोन कान आणि दोन नाकपुड्या का दिल्या, हे साऱ्या वऱ्हाडात एकट्या आमच्या साडूंना कळलेलं आहे. "एक बंद पडलं तर दुसरं," एवढं साधं त्यांचं उत्तर. तोंड मात्र एकच दिलं याबद्दल त्यांचा देवावर राग आहे, आणि ती उणीव ते एका तोंडाने दोघांइतकं बोलून भरून काढतात. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. अमरावतीत त्यांनी भाड्याची घरं पुष्कळ बदलली, पण मागचं दार नसलेलं घर कधी घेतलं नाही. नळाला पाणी येतं का, शेजार कसा आहे, हे सगळं मेहुणीने बघायचं. हे समोरून आत शिरत, मागून बाहेर पडत, घराला वळसा घालून अंगणात येत आणि घरमालकाला सांगत, "घर पसंत हाये." राहायला गेल्यावर मागचं दार नुसतं असून भागत नसे. ते अधूनमधून वापरावं लागे. कामावर जायला निघालेला हा गृहस्थ बूट हातात घेऊन, मेहुणी भांडी घासत असेल तर तिला उठवून, मोरीतून बाहेर पडे. "वापरला नाई का रस्त्यावर गवत उगवते, साडूभाऊ," ते मला सांगत. "आन मंग नेमकं लागते तवा दार उघडत नाई."

चहाचंही तसंच. कचेरीच्या समोर एक टपरी आणि मागच्या गल्लीत एक. दोन्हीकडे त्यांची हजेरी, आणि दोन्ही टपरीवाले त्यांना आपलं खास गिऱ्हाईक समजत. मोबाइल नुकते सगळ्यांच्या हातात आले होते तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या दोन्ही खिशांत दोन निराळ्या कंपन्यांचे दोन फोन असत, त्यामुळे ते दुरून छातीला कवच बांधल्यासारखे दिसत. कुठे गावाला गेले की पोचल्यावर एका फोनवरून कळवत, "पोचलो." मी बरं म्हणून फोन ठेवतो न ठेवतो तोच दुसऱ्या फोनवरून पुन्हा घंटा वाजे. "पोचलो." अहो, आत्ताच तर सांगितलंत! "तो गेला नसता तर?" पण गेला ना? "हो, पण नसता गेला तर?" यापुढे वाद घालण्यात अर्थ नसे. माझी बायको तर पहिली घंटा वाजली की सरळ म्हणायची, "ठेवू नका, दुसरी येऊन राहिली."

ही सगळी विद्या त्यांना स्वतःच्या लग्नात मिळाली. आमची सासुरवाडी दर्यापूरकडच्या एका खेड्यात. मी थोरला जावई म्हणून वरात घ्यायला गावच्या वेशीवर उभा होतो. साडूंनी तेव्हाही हुशारी केली होती. अर्धी वरात एका रस्त्याने आणि अर्धी दुसऱ्या रस्त्याने पाठवली होती, म्हणजे एक जीप फसली तरी निम्मं लग्न वेळेवर पोचेल. त्या वर्षी भर मे महिन्यात अवकाळीने झोडपलं. दोन्ही जीपा वेळेवर आल्या, आणि दोन्ही एकाच ठिकाणी येऊन थांबल्या. कारण रस्ते दोन असले तरी आमच्या गावात शिरायचं ते नाल्यावरच्या एकाच रपट्यावरून, म्हणजे बुटक्या फरशी पुलावरून, आणि रपटा पाण्याखाली! नाल्याच्या पलीकडच्या काठावर अर्धी वरात उरलेल्या अर्ध्या वरातीकडे बघत उभी. मध्ये बाशिंग बांधलेले आमचे साडू. मुहूर्त टळला. पाणी उतरल्यावर नवरदेवाला चार जणांनी उचलून आणलं, तर हार घालून घेण्याआधी त्यांनी माझ्या कानात काय सांगावं? "दोन रस्ते नोयते ते, साडूभाऊ. रपटा एक म्हनजे रस्ता एकच."

हे ज्ञान त्यांनी फुकट जाऊ दिलं नाही. आम्ही दोघं एकाच बियाणे संस्थेत होतो. मी गोदाम सांभाळत असे आणि साडू संगणक सांभाळत. कोणत्या गावच्या कोणाची किती जमीन, त्याला कोणतं बियाणं किती मिळायचं, हे सगळं त्या संगणकात. ती युनिक्स प्रणालीवर चालणारी मोठी सर्व्हर यंत्रं होती. अमरावतीला एक, अकोल्याला एक. माहिती मात्र सर्व्हरच्या पोटात नसे. ती शेजारच्या डिस्कच्या कपाटात असे, आणि सर्व्हरपासून कपाटापर्यंत केबल जाई. आमच्याकडे अशा दोन केबल होत्या. यंत्र बसवणाऱ्या कंपनीचा माणूस मोठ्या अभिमानाने म्हणाला, "एक तुटली तरी दुसरी आहे." साडू वाकले, दोन्ही केबल बोटाने चाचपत गेले, आणि दोन्ही एकाच डबीत शिरताहेत हे पाहून ताडकन उठले. केबल जोडणाऱ्या या पत्र्याच्या डबीला स्विच म्हणतात. साडूंनी तिचं नाव जागच्या जागी बदललं. "अजी, हा तर रपटा हाये!" दुसरी डबी मिळेपर्यंत त्यांनी आमच्या व्यवस्थापक मॅडमचं डोकं इतकं खाल्लं की त्या बाईंनी शेवटी सही केली ती निव्वळ शांततेसाठी. मॅडम घाटावरच्या, शिस्तीच्या आणि मनाने सरळ. साडूंचं बोलणं त्यांना भांडण वाटे, आणि ते संपल्यावर हे गृहस्थ हसत हसत चहा विचारत, याचं त्यांना नवल वाटे.

दुसरी डबी आली आणि एक निराळीच गंमत झाली. एकच डिस्क सर्व्हरला दोन रस्त्यांनी दिसू लागली, म्हणून पडद्यावर तिची दोन नावं आली. नागपूरहून दुरुस्तीला आलेल्या माणसाने ती पाहिली आणि उदारपणे म्हणाला, "ही दुसरी डिस्क कोणी वापरत दिसत नाही. पुसून मोकळी करून देऊ का?" साडूंनी त्याचं मनगट धरलं ते टपरीवर नेईपर्यंत सोडलं नाही. "तू अंजनगावले एका खेपी परतवाड्यावरून गेला, आन एका खेपी दर्यापूरवरून गेला," ते त्याला चहा पाजत म्हणाले, "तर अंजनगाव दोन झाले का बापा? आन मंग त्यातलं एक जास्तीचं म्हनून पेटवून देशीन?" त्या माणसाच्या कपाळावर घाम आला, कारण ती एकच डिस्क पुसली असती तर अख्ख्या जिल्ह्याची माहिती गेली असती. मग साडूंनी यंत्राला समजावून सांगितलं की ही दोन नावं एकाच डिस्कची आहेत, एक रस्ता बंद पडला तर आपसूक दुसऱ्याने जा. तेव्हापासून दर शनिवारी ते एक केबल स्वतःच्या हाताने उपटत, यंत्र दुसरीवरून चालतंय याची खात्री करत आणि परत बसवत. गवत उगवू नये म्हणून.

आणि मग ते वर्ष आलं. तेव्हा वऱ्हाडात कोणतंच वर्ष सोपं नव्हतं. वर्तमानपत्र उघडायची भीती वाटावी असा तो काळ होता. त्यात त्या वर्षी पेरणी झाल्यावर पावसाने पाठ फिरवली आणि कोवळे कोंब जागेवर करपले. नंतर पाऊस पडला, जमिनीला ओल आली, आणि लोक दुबार पेरणीसाठी बियाणं मागायला आले. ओल आहे तोवर पेरलं तर पेरलं, नाहीतर हंगाम गेला. आदल्या वर्षी कागदावर वाटप केलं होतं तर दांडग्यांनी दोनदा नेलं आणि गरीब रिकाम्या हाताने गेले, म्हणून यंदा संगणकाशिवाय पोतं हलवायचं नाही असं ठरलं होतं. वाटपाच्या सकाळी अकोल्याहून तिथले केंद्रप्रमुख शेखभाई यांचा फोन आला. विजेच्या झटक्यात तिथली डबी केबलसकट जळाली होती. तिथे डबी एकच आणि केबलही एकच, कारण दुसरीची गरज काय, असं तिथल्या आधीच्या साहेबांचं मत होतं. "डिस्क सलामत, सर्वर सलामत, बियाना सलामत," शेखभाई ओरडत होते, "मगर बीच का रास्ता नहीं, भाई! हजारो लोग दरवाजे पे खडे है!" नवी डबी मुंबईहून यायला आठवडा लागणार होता.

मॅडमनी फोन ठेवला आणि त्या साडूंकडे बघू लागल्या. मीही बघू लागलो. आमच्याकडे दोन डब्या होत्या. पण मागायचं कोणी? ज्या माणसाने मोरीच्या दाराशिवाय घर घेतलं नाही, त्याला भर वाटपाच्या दिवशी एका केबलवर राहा म्हणून कोण सांगणार? अमरावतीच्या दारातही तेवढीच रांग होती. साडू दोन्ही हात दोन्ही खिशांवर ठेवून आधी दारातली रांग आणि मग दोन्ही केबल बघून आले. मग म्हणाले, "त्याइच्याजवय एकबी रस्ता नाई, आन मी दोन घेऊन बसलो. हे काई बरं नाई, मॅडम."

"मग यंत्र थोडा वेळ बंद करावं लागेल ना?" मॅडम म्हणाल्या.

"कावून?" साडूंचा चेहरा एकदम खुलला. "इतके शनिवार मी काय झक मारून राहिलो होतो का?"

पलीकडे संगणकावर बसलेली मुलगी पडद्यावर रांगेतल्यांची नावं घेत होती, हमाल पोती काढत होते, आणि साडूंनी चालत्या यंत्रातून एक रस्ता, डबी आणि केबल धरून, अख्खा उचलून बाजूला काढला. क्षणभर पडदा थबकला. मग पुढचं नाव आलं, पुढचं पोतं निघालं, आणि रांगेत उभ्या असलेल्या कोणालाही काही कळलं नाही. रिकामा पडून आहे म्हणून ज्या रस्त्याला सगळे हसत होते, तो होता म्हणूनच तो देता आला. मॅडमनी चक्क टाळी वाजवली.

पण जीपपाशी जाऊन गाडं अडलं. अकोल्याला जायचं मूर्तिजापूरवरून की दर्यापूरवरून? साडूंनी तोडगा काढला. डबी एका जीपने एका रस्त्याने न्यायची आणि केबल दुसऱ्या जीपने दुसऱ्या रस्त्याने. "म्हणजे दोन्हींपैकी कोणतीही जीप अडकली तरी सगळंच अडकलं," मॅडम शांतपणे म्हणाल्या. साडूंनी केबल डबीशेजारी ठेवली आणि आयुष्यात प्रथमच एका रस्त्याने जायला तयार झाले. निघताना त्यांनी माझा हात धरून मला त्या एकुलत्या एक केबलपाशी नेलं. "हिच्यापासून हलू नका. तुमाले बाप्पाची शपथ हाये."

तो दिवस मी कसा काढला ते मलाच ठाऊक. बियाण्याच्या पोत्यावर बसून मी त्या केबलची राखण करत होतो. पाठीवर पोतं घेतलेला प्रत्येक हमाल मला वाघासारखा दिसत होता. मॅडम पंख्याच्या बटणाकडे वळल्या तर मी त्यांच्यावरही ओरडलो. जीप मूर्तिजापूरलाही पोचली नसेल तोच फोन. "केबल कशी हाये?" मजेत आहे. "डबीवरचा दिवा?" हिरवा. लगेच दुसऱ्या फोनवरून, "केबल कशी हाये?" दुपार झाली. मग अकोल्याहून फोन आला तो साडूंचा नव्हता. शेखभाईंचा होता, आणि त्यांच्या मागे इतका गलका होता की मला आधी दंगल झाली असं वाटलं. "चल गया! पैला पोता निकला! एक बाई डोक्यावर घेऊन गेली, भाईसाब!" मी पोत्यावरून उठलो आणि ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. गोदामातले हमाल ओरडले, बाहेरची रांग काही न समजता ओरडली, आणि मॅडम भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या. दिवस मावळेपर्यंत दोन्ही गावांत शेवटचं पोतं निघालं. ओल असताना बियाणं जमिनीत गेलं.

अकोल्याची नवी डबी आल्यावर साडू आमची डबी परत घेऊन आले, तेव्हा हमालांनी त्यांना पोत्यांच्या हातगाडीवर बसवलं आणि गोदामाच्या पुढच्या दाराने आत आणून मागच्या दाराने बाहेर काढलं. इतका सुखी माणूस मी आजवर पाहिला नाही. मग त्यांनी दुसरी केबल जागेवर बसवली, दुसरा दिवा हिरवा झाला, आणि खाली बसल्या बसल्याच माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी पयल्यांदा मी एकाच रस्त्यावर होतो, साडूभाऊ. आन तो रस्ता तुमी होते. मले रातभर झोप नाई लागली, पन भेव नाई वाटलं." मी चहा विचारला.

आता ती यंत्रं भंगारात गेली. साडू निवृत्त होऊन अकोल्याला लेकीकडे राहतात. पूर्वी आमच्याकडे यायचे तेव्हा मूर्तिजापूरवरून येत आणि मुद्दाम दर्यापूरवरून परत जात. परवा आले तेव्हा थकलेले दिसले. स्टँडवर मी म्हटलं, "दर्यापूरची गाडी तिकडे लागली आहे." तर म्हणाले, "जाऊ द्या. लय फेरा पडते." आणि आले त्याच रस्त्याने गेले.

संध्याकाळी घंटा वाजली. "पोचलो." मी बरं म्हणालो, फोन ठेवला नाही, हातातच धरून बसलो. बायकोनेही भाजी चिरता चिरता हात थांबवला. बराच वेळ झाला, दुसरी घंटा आली नाही. मग मीच त्यांच्या दुसऱ्या फोनवर लावला. पुष्कळ वेळ वाजल्यावर त्यांनी उचलला आणि घाबरून विचारलं, "काय झालं? कावून फोन केला?"

"काही नाही," मी म्हणालो. "गवत तर उगवलं नाही ना, ते पाहून राहिलो होतो."